गुदाशयाचा कॅन्सर: जोड, गळती आणि ‘तात्पुरती’ पिशवी

एकेकाळी गुदाशयाच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) कॅन्सरचे ऑपरेशन बहुधा फक्त खालून, गुदद्वाराच्या बाजूने होई. १९०८ मध्ये लंडनच्या एका सर्जनने स्वतःचाच हिशेब जाहीर केला: अशा ५७ रुग्णांपैकी ५४ जणांत कॅन्सर परतला होता. त्याने पोट आणि खालची बाजू, दोन्हीकडून गुदाशय समूळ काढायला सुरुवात केली. गुदद्वार कायमचे बंद, मळासाठी पोटावर कायमची पिशवी. पुढे कित्येक दशके हाच शिरस्ता राहिला.

१९७० च्या दशकात गोल स्टेपलर, म्हणजे आतड्याची टोके पिनांनी जोडणारे उपकरण, रुळला. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे हाताने टाके घेणे जिकिरीचे, तिथेही आतड्याची टोके जोडता येऊ लागली. १९८२ मध्ये इंग्लंडमधून गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढण्याची पद्धत पुढे आली आणि कॅन्सर त्याच जागी परतणे खूप घटले. मात्र जोड जितका खाली, तितकी तो उसवण्याची भीती जास्त.

जोड उसवून मळ बाहेर झिरपणे म्हणजे गळती, पण इथेच ‘गळती’ या शब्दाचा गुंता आहे. ड्रेनमधून (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) मळ आला तर ती गळतीच, यात प्रश्नच नाही. पण पाचव्या-सहाव्या दिवशी नाडी जलद चालते, पोट फुगते, सीटी स्कॅनमध्ये जोडाशेजारी पू दिसतो आणि भोक मात्र कुठेच सापडत नाही. ही गळती की नुसते गळू? कुणी मोजायचे, कुणी नाही. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थच नसे. २०१० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने सामायिक व्याख्या दिली: जोडालगतचे गळू हीसुद्धा गळतीच. पायऱ्या तीन ठरल्या. उपचार बदलावे न लागणारी, उपचार लागले तरी पोट न उघडता निभावणारी, आणि पुन्हा पोट उघडायला लावणारी. गळू मोजणे हीच यातली सर्वांत मोलाची गोष्ट. ज्याच्या ओटीपोटात पू साठतो, त्याला भोक दिसले की नाही याने काय फरक पडतो?

त्याआधी, २००७ मध्ये, स्वीडनमधल्या २३४ रुग्णांच्या चाचणीत संरक्षक स्टोमा (जोड भरेपर्यंत आतड्याचे तोंड पोटावर उघडून मळ पिशवीत घेणे) असलेल्यांपैकी १०.३ टक्क्यांना लक्षणे देणारी गळती झाली. नसलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. तेव्हापासून खालच्या जोडावर स्टोमा करण्याकडे कल वाढला. पण स्टोमा जोड सांधत नाही, मळ वाटेतच बाहेर वळवतो. स्टोमा लहान आतड्याचा असला आणि त्याचा पातळ स्राव दिवसाला दीड-दोन लिटरवर गेला की अंगातले पाणी आणि मीठ उतरते, किडनीवर ताण येतो. शिवाय पिशवी काढायला दुसरे ऑपरेशन, आणि काहींची ती कधीच निघत नाही. ‘तात्पुरती’ म्हणताना हे संमतीची सही घेण्याआधीच सांगितले गेले पाहिजे.

पिशवी निघाल्यावरच्या शौचाच्या त्रासाकडे तर फारच उशिरा लक्ष गेले. २०१२ मध्ये डेन्मार्कमध्ये त्यासाठी पाच प्रश्नांची गुणपद्धती बनली. त्यातला एक प्रश्न: शौचाला जाऊन आल्यावर तासाभराच्या आत पुन्हा जावे लागते का?