गहवा: वेलदोड्याची कॉफी आणि तिच्या नावाचा वाद

आखातातल्या घरांत पाहुण्यापुढे खजुराबरोबर येणारी फिकट, बिनसाखरेची कॉफी म्हणजे गहवा. येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जागरणासाठी कॉफी पिणं, मक्केत १५११ मध्ये कॉफीवर आलेली अल्पकाळ टिकलेली बंदी, हा भाग बहुतेकांच्या वाचनात आलेला असतो. घरी ही कॉफी करू पाहणाऱ्याला जास्त उपयोगी आहे तो एकोणिसाव्या शतकापासून पुढचा काळ.

१८६२ मध्ये उत्तर अरबस्तानातल्या जौफला पोहोचलेल्या एका इंग्रज प्रवाशाने यजमानाकडे कॉफी कशी झाली ते बारकाईने लिहून ठेवलं आहे. हिरवे दाणे हाताने निवडले जात, लोखंडी पळीत तडतडून लालसर होईपर्यंतच भाजले जात आणि दगडी खलात कुटले जात. शेवटी भारतातून येणाऱ्या ‘हेल’चे थोडे दाणे किंवा जरासं केशर पडे. साखरेचा तर विचारही नव्हता. हेल म्हणजे आपला हिरवा वेलदोडा, मलबारच्या डोंगरांतला. आजच्या गहव्याची घडण तेव्हाच झालेली दिसते. बदललं ते प्रमाण.

त्या वेळी ‘थोडे दाणे’ असलेला वेलदोडा आज काही घरांत कॉफीच्या निम्म्याने पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाटेमालात वेलदोड्याची लागवड सुरू झाली आणि शतक सरण्याआधीच निर्यातीत त्या देशाने भारताला मागे टाकलं. तिथले लोक स्वतः वेलदोडा फारसा खात नाहीत. माल मुख्यतः आखाती देशांकडे जातो. तेलाच्या पैशाने गिऱ्हाइकाची ऐपत वाढली, ग्वाटेमालाने पुरवठा वाढवला, आणि चवीपुरता पडणारा मसाला कॉफीच्या निम्म्यापर्यंत पोहोचला. केरळातल्या इडुक्कीचा टपोरा, गर्द हिरवा वेलदोडा मात्र आजही आखातात मानाचा समजला जातो. हिरवेपणा टिकवायचा तर तो उन्हात न वाळवता बंद खोलीत मंद उष्णतेवर वाळवावा लागतो.

२०१५ मध्ये अरबी कॉफी युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत गेली. प्रस्ताव संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या चौघांचा मिळून होता. सात वर्षं झाली नाहीत तोच, जानेवारी २०२२ मध्ये, सौदी सरकारने देशातल्या उपाहारगृहांना, कॉफीच्या दुकानांना आणि भाजणाऱ्यांना ‘अरबी कॉफी’ऐवजी ‘सौदी कॉफी’ लिहायला सांगितलं. ते वर्षच सौदी कॉफीचं म्हणून जाहीर झालं होतं.

या निर्णयाची एक बाजू समजण्यासारखी आहे. सौदीच्या नैर्ऋत्येला जाझानच्या डोंगरउतारांवर पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पिढ्यान् पिढ्या खौलानी नावाची कॉफी पिकते. त्या शेतकऱ्यांच्या मालाला नाव आणि भाव मिळायलाच हवा होता. पण दाण्याला नाव देणं वेगळं आणि पेयाला देणं वेगळं. सौदी घरांत उकळणारी बरीचशी कॉफी इथिओपियातून येते, वेलदोडा ग्वाटेमालातून किंवा केरळातून. उरते ती करण्याची रीत, आणि ती एका देशाची नाही. सौदीच्या मध्यभागातल्या नज्दमध्ये दाणे इतके हलके भाजतात की कॉफीचा रंग हळदीच्या पाण्याकडे झुकतो. जॉर्डनच्या बदावींची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांची, कॉफी गडद आणि कडू. येमेनमध्ये दाण्याऐवजी वाळलेली टरफलं आल्याबरोबर उकळून ‘किश्र’ करतात. एवढ्या रीतींना सामावणारा ‘अरबी’ हाच शब्द योग्य होता, आणि तो सरकारी आदेशाने बाजूला सारणं शेजाऱ्यांवर अन्याय करणारं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस खौलानीच्या लागवडीची परंपरा सौदीच्या नावाने त्याच जागतिक यादीत गेली. शेतकऱ्यांचा मान राखायचा तो मार्ग रास्त होता.

मजलिशीतले, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतले, रिवाज सगळीकडे बरेच सारखे आहेत: दल्ला, म्हणजे चोचीची कॉफीची किटली, डाव्या हातात, फिंजान हा बिनकानाचा छोटा कप उजव्या, कप तळाशी थोडाच भरलेला, आणि पुरे झालं की पाहुणा तो रिकामा कप हलवून परत देतो. दल्ल्याची जागा बऱ्याच घरांत आता थर्मासने घेतली आहे.

रत्नागिरी-रायगडचे जे लोक सत्तरच्या दशकापासून आखातात कामाला गेले, त्यांच्याबरोबर गहव्याची तयार पाकिटं कोकणातल्या घरांत पोहोचली. त्यांत वेलदोडा आधीच दळून मिसळलेला असतो आणि दळलेल्या वेलदोड्याचा सुवास लवकर उडतो. हलके भाजलेले दाणे वेगळे घेऊन जाडसर दळावे. लिटरभर पाण्यात तीन मोठे चमचे पूड मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळावी आणि गाळ खाली बसू द्यावा. वेलदोडा तेव्हाच कुटून केशराच्या काड्यांसह दल्ल्यात किंवा थर्मासमध्ये घालावा आणि वरची निवळ कॉफी त्यावर ओतावी. लवंग एकदोनच, नाहीतर बाकीचं सगळं झाकून टाकते.