भाज्यांचे ऑम्लेट

भाज्यांचे ऑम्लेट : फेटलेल्या अंड्यात बारीक चिरलेल्या भाज्या घालून तव्यावर थोड्या तेलात केलेला झटपट पदार्थ. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची व कोथिंबीर घातलेले मसाला ऑम्लेट सर्वपरिचित आहे. येथे एका माणसापुरत्या, भाज्या सढळ असलेल्या प्रकाराचा विचार केला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. भरपूर हिरवा पाला घालून केली जाणारी इराणमधील ‘कुकू सब्जी’ हीच ऑम्लेटची पूर्वज, असे काही जण मानतात. फ्रान्समध्ये इ. स. १३९३ च्या सुमारास लिहिलेल्या गृहव्यवस्थेवरील एका ग्रंथातही पुदिना, पालक इ. पाला सोळा अंड्यांत घालण्याची कृती आहे. अंडी आणि पाला कुठेही मिळत असल्याने या परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या असणे अधिक संभवते. पारशी ‘पोरो’ला (पारशी पद्धतीच्या मसाला ऑम्लेटला) इराणी वारसा सांगितला जातो, पण त्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत बहुधा सोळाव्या शतकात भारतात आली आणि टोमॅटो सर्रास वापरात यायला आणखी बराच काळ गेला. तेव्हा आजचे मसाला ऑम्लेट फार प्राचीन मानता येत नाही. मुंबईतील इराणी हॉटेलांनी ते ब्रूनपावासह (कडक कवचाच्या पावासह) लोकप्रिय केले.

कृतीतील खरी अडचण पाण्याची. टोमॅटोत सु. ९४ टक्के, पालकात सु. ९१ टक्के पाणी असते. अंड्याचा पांढरा भाग सु. ६२° से.ला, तर पिवळा बलक सु. ६५° से.ला गोठू लागतो. दूध घातल्यास हे तापमान वाढते. पुढे उष्णता वाढत गेली की प्रथिनांचे जाळे आवळते आणि पाणी बाहेर पडते. त्यात भाज्यांच्या पाण्याची भर पडली की ऑम्लेट मोडते, कडेने पाणी सुटते. म्हणून दोन अंड्यांना चिरलेली भाजी अर्ध्या वाटीच्या आसपास ठेवावी. टोमॅटोचा बियांचा गर काढावा. कांदा व ढोबळी मिरची चमचाभर तेलात आधी परतावी. पालक घातल्यास पाणी आटेपर्यंत थांबावे. मीठ घातलेली अंडी त्यावर ओतून आच मंद करावी व झाकण ठेवावे. वरचा ओलसरपणा गेला आणि कडा सुटल्या, की उलथण्याने दुमडावे. भाज्या तयार असतील तर पाच-सहा मिनिटे पुरतात. साल्मोनेला जंतूंचा धोका टाळण्यासाठी अंड्याचे पदार्थ आतपर्यंत ७१° से. तापावेत, अशी शिफारस आहे. फ्रेंच पद्धतीचे आतून ओले ऑम्लेट या कसोटीला उतरेलच असे नाही.

दोन मध्यम अंड्यांतून सु. १२ ग्रॅ. प्रथिने व सु. १४० किलोकॅलरी मिळतात. अंड्यात तंतू किंवा क जीवनसत्त्व नसते. ती उणीव भाज्या काही अंशी भरून काढतात. उलटपक्षी बलकातील स्निग्धांशामुळे पालक व टोमॅटो यांतील कॅरोटिनॉइडे (पिवळी-तांबडी रंगद्रव्ये) शरीरात अधिक शोषली जातात. नुसत्या पांढऱ्याचे ऑम्लेट करणारे हा लाभ गमावतात. कोलेस्टेरॉलची दैनिक ३०० मिग्रॅ. ही मर्यादा अमेरिकेच्या २०१५–२० च्या आहार-मार्गदर्शिकेत कायम ठेवलेली नाही. मधुमेही व हृद्रोग्यांनी मात्र वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

गोव्यात संध्याकाळच्या गाड्यांवर ऑम्लेटवर शागुतीचा (नारळ व मसाल्यांच्या गोवेकरी रश्श्याचा) रस ओतून ‘रॉस ऑम्लेट’ देतात. मराठी घरांतील ‘टोमॅटो ऑम्लेट’ बेसनाचे असून त्यात अंडे नसते. ते वस्तुतः धिरडेच होय.