माइनक्राफ्ट: जुने जग नव्या आवृत्तीत नेणे

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये काही वर्षे न उघडलेले जग गेमच्या चालू आवृत्तीत आणण्याची पद्धत. मोबाइल आणि कन्सोलवर चालणाऱ्या बेडरॉक एडिशनमध्ये जग वेगळ्या प्रकारे साठवले जाते, त्यामुळे पुढील तपशील तिला लागू नाहीत.

रूपांतर नेमके कधी होते

बहुतेक गेममध्ये नवी आवृत्ती आली की जुनी पुसली जाते. इथे तसे नाही. लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारा प्रोग्राम, अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू देतो. 2013 सालची 1.7.2 आजही त्यातून उतरवून खेळता येते. म्हणजे नवी आवृत्ती नुसती डाउनलोड केल्याने जगाला काहीच होत नाही. जग त्या आवृत्तीत उघडले की बदल सुरू होतो, आणि तोही तुकड्यातुकड्याने.

जग 16×16 ब्लॉकच्या चंकांमध्ये विभागलेले असते. असे 32×32, म्हणजे 1024 चंक मिळून ‘रीजन’ फोल्डरमधली एक फाइल होते. खेळाडू ज्या चंकाजवळ जातो तो वाचताना नव्या रूपात आणला जातो आणि सेव्ह होताना तसाच लिहिला जातो. चार वर्षांनी जग उघडून घराभोवती दहा मिनिटे चक्कर मारली आणि बंद केले, तर घर नव्या रूपात आणि दूरची खाण अजून जुन्याच, अशी सरमिसळ होते. ती मागे फिरवता येत नाही, कारण गेममधली यंत्रणा जुन्याचे नवे करते, नव्याचे जुने करत नाही.

प्रत्येक चंकावर त्याच्या आवृत्तीचा आकडा नोंदलेला असतो: 1.12.2 साठी 1343, 1.16.5 साठी 2586, 1.18 साठी 2860, 1.21 साठी 3953. रूपांतर करणारी यंत्रणा या आकड्यापासून सुरुवात करून मधल्या सगळ्या पायऱ्या स्वतःच चढते. त्यामुळे ‘आधी 1.13, मग 1.14’ असे एकेका आवृत्तीत उघडत जाण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याची बिनमॉडच्या जगाला (मॉड म्हणजे गेममध्ये इतरांनी घातलेली भर) सहसा गरज नसते.

आधी खाते

2020 पूर्वीपासून गेम बंद ठेवलेल्यांना पहिली अडचण लॉगिनलाच येते. गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीची जुनी खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांमध्ये हलवण्याची मुदत 19 सप्टेंबर 2023 ला संपली. त्याआधी खाते हलवले नसेल तर गेम पुन्हा विकत घ्यावा लागतो. जगाच्या फाइली मात्र स्वतःच्या संगणकावरच असतात, खात्याबरोबर जात नाहीत. म्हणून ‘आता उपयोग नाही’ असे समजून जुना फोल्डर पुसू नये.

प्रत घेणे

शक्य असल्यास जग आधी त्याच्या मूळ आवृत्तीत एकदा उघडावे. तसे न करता बरेच जण थेट नव्या आवृत्तीत जातात आणि नंतर हळहळतात. खेळाडूला नेदर या गेममधल्या पाताळलोकातून बाहेर आणून घरात उभे करावे, चालू यंत्रे थांबवावीत, एफ-3 दाबून महत्त्वाच्या जागांचे सहनिर्देशक (ठिकाण सांगणारे आकडे) लिहून घ्यावेत, आणि गेम पूर्ण बंद करावा.

मग प्रत. विंडोजवर विंडोज-की आणि आर एकत्र दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की ‘रोमिंग’ फोल्डर उघडतो. त्यात नावाच्या सुरुवातीला टिंब असलेला माइनक्राफ्टचा फोल्डर आणि त्याच्या आत ‘सेव्हज’. तिथला जगाचा फोल्डर अख्खा उचलायचा. फक्त ‘रीजन’ जपणे ही नेहमीची चूक आहे. 1.17 पासून प्राणी, गावकरी, गाड्या आणि भिंतीवरच्या चौकटी ‘एंटिटीज’ या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तर खेळाडूचे सामान, नकाशे आणि जगाचे नियम आणखी कुठेतरी. एक भाग जुना आणि एक नवा जोडला, तर गावकरी गायब होतात किंवा दोन-दोन दिसतात. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवावी. क्लाउडमध्ये आपोआप सिंक होणारा फोल्डर प्रतीसाठी चालतो, पण त्यातूनच जग खेळू नये. गेम लिहीत असतानाच सिंक सुरू झाले की फाइल अर्धवट राहू शकते.

आता लाँचरच्या ‘इन्स्टॉलेशन्स’मध्ये हवी ती आवृत्ती निवडून नवी नोंद करावी आणि तिला वेगळी गेम डिरेक्टरी द्यावी. ‘लेटेस्ट रिलीझ’ नावाची तयार नोंद वापरू नये. ती नवी आवृत्ती आली की न विचारता तिच्यावर जाते. नव्या डिरेक्टरीच्या ‘सेव्हज’मध्ये जगाची आणखी एक प्रत ठेवायची आणि तीच उघडायची. जगाचे दिसणारे नाव फोल्डरच्या नावावरून नव्हे तर ‘लेव्हल’ नावाच्या फाइलीतून येते, म्हणून एकाच यादीत दोन प्रती असल्या तर दोन्ही हुबेहूब दिसतात. फोल्डरचे नाव खाली करड्या अक्षरांत असते, तेवढ्यावरच ओळख पटवायची. याच घोळात मूळ जग उघडले गेल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

सगळे जग एकदम रूपांतरित करायचे असेल, तर ते निवडून ‘एडिट’मध्ये ‘ऑप्टिमाइझ वर्ल्ड’ हे बटण आहे. मोठ्या जगाला तासन्‌तास लागू शकतात. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, डेस्कटॉप यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर त्या प्रतीवर विसंबू नये, पुन्हा मूळ प्रतीपासून सुरुवात करावी.

काय बदललेले सापडते

जुलै 2018 ची 1.13 ही सर्वांत मोठी दरी. ब्लॉकांचे आकडे जाऊन नावे आली. ब्लॉकांचे रूपांतर सहसा नीट होते, पण कमांड ब्लॉकमध्ये, म्हणजे आज्ञा आपोआप चालवणाऱ्या ब्लॉकमध्ये, लिहिलेल्या आज्ञांचे व्याकरणच बदलल्याने त्या हाताने पुन्हा लिहाव्या लागतात. ‘कस्टमाइझ्ड’ प्रकारची, म्हणजे जमिनीची घडण खेळाडूने स्वतः ठरवलेली, जगे उघडतात, मात्र त्यांत नवीन तयार होणारी जमीन साध्या जगासारखी येते.

एप्रिल 2019 च्या 1.14 पासून गाव दारांवरून नव्हे, खाटांवरून ठरते. त्यामुळे 21 दारे आणि 10 गावकरी या हिशेबाने बांधलेले लोखंडी गोलेमचे (गावाची राखण करणाऱ्या, लोखंड देणाऱ्या पुतळ्यांचे) कारखाने बंद पडलेले दिसतात. हे जगाचे नुकसान नव्हे, नियम बदलला आहे. प्रत पुन्हा आणून काही उपयोग नाही. 1.16 मध्ये ऊस झटपट वाढवणारी झिरो-टिक पद्धतीची शेती गेली.

30 नोव्हेंबर 2021 ला आलेल्या 1.18 ने जगाची उंची 256 वरून 384 ब्लॉक केली, त्यातले 64 शून्याच्या खाली. जुन्या चंकांच्या तळाचा बेडरॉक (न फुटणारा दगड) जाऊन त्याखाली नव्या गुहा आणि धातू तयार होतात; वरचे बांधकाम तसेच राहते. जुन्या-नव्या जमिनीचा सांधाही गेम सौम्य करतो. 1.7 च्या वेळी तिथे सरळसोट कडे उभे राहत, ते आता टळतात. हिरे शोधायला 11 च्या पातळीवर खणण्याची सवय मात्र सोडावी लागते. ते आता उणे 59 च्या आसपास जास्त मिळतात. राक्षस ब्लॉक-प्रकाश (मशाली-दिव्यांचा उजेड) पूर्ण शून्य असेल तिथेच जन्मतात, म्हणून राक्षस मिळवायला जेमतेम अंधारी ठेवलेली खोली रिकामी राहते.

शून्याच्या वरच्या जुन्या चंकांमध्ये नव्या वास्तू उगवत नाहीत, 1.21 मधील ट्रायल चेंबर ही जमिनीखालची वास्तू पाहायलाही सहसा न फिरलेल्या भागात जावे लागते. ते जवळ हवे असेल तर एमसीए सिलेक्टर या साधनाने नुसते ओलांडून गेलेले चंक पुसता येतात. खेळाडूने चंकात काढलेला वेळ टिक या गेमच्या कालमापात नोंदलेला असतो, सेकंदाला 20 टिक. 6000 पेक्षा कमी, म्हणजे पाच मिनिटांहून कमी, अशी चाळणी लावून नकाशावर नजर टाकावी, कारण रेल्वेमार्ग आणि दूरवर पुरलेल्या पेट्या याच चाळणीत सापडतात. नेदरसाठी याहून सोपा मार्ग म्हणजे जुन्या जगातला ‘डिम उणे एक’ हा फोल्डर नव्या आवृत्तीत उघडण्याआधीच प्रतीतून काढणे. तिथे बांधलेले सगळे अर्थात जाते.

मॉड

मॉडचे जग साध्या गेममध्ये उघडू नये. गेमला ओळख नसलेला ब्लॉक रिकाम्या हवेत बदलतो, आणि चंक सेव्ह झाला की तो कायमचा गेला. फोर्ज किंवा फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या साधनांवरचे मॉड विशिष्ट आवृत्तीसाठीच असतात. आधी प्रत्येक मॉडची नव्या आवृत्तीतली प्रत आहे का ते तपासावे. एखादा महत्त्वाचा मॉड पुढे आलाच नसेल, तर ते जग जुन्या आवृत्तीतच खेळत राहणे हा उत्तम निर्णय ठरतो. पुढे जायचेच असेल तर अशा जगासाठी टप्प्याटप्प्याने जाणे योग्य.

सर्व्हर

लाँचर स्वतःचा जावा (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) घेऊन येतो, सर्व्हरला तो वेगळा बसवावा लागतो: 1.17 ला जावा 16, 1.18 ला 17, 1.20.5 पासून 21. जुना जावा 8 असेल तर सर्व्हर सुरू होताच थांबतो आणि ‘65.0’ व ‘52.0’ असे आकडे असलेली चूक दाखवतो. पहिला आकडा हवा असलेल्या जावा 21 चा, दुसरा असलेल्या जावा 8 चा. पूर्ण रूपांतर एकदम करायला सुरू करण्याच्या आज्ञेच्या शेवटी ‘फोर्स-अपग्रेड’ हा पर्याय जोडतात आणि पुढच्या वेळी काढून टाकतात.

जुनाच सर्व्हर तसाच पुन्हा इंटरनेटवर उघडणे धोक्याचे आहे. डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जे या नोंदी ठेवणाऱ्या भागातली त्रुटी उघड झाली. चॅटमध्ये विशिष्ट ओळ टाकून दुसऱ्याच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. 1.7 ते 1.18 या आवृत्त्यांना ती लागू आहे, 1.18.1 मध्ये ती बुजवली. अधिकृत लाँचरमधल्या जुन्या आवृत्त्यांना दुरुस्ती आपोआप मिळाली. सर्व्हर आणि इतर लाँचर चालवणाऱ्यांना ती स्वतः करावी लागते.