थकलेला मेंदू आणि त्याचा चुकणारा हिशेब

सकाळपासून कामाला बसलेल्या माणसाला दुपारी चारच्या सुमारास एकच ईमेल तीनदा वाचूनही त्यात नेमके काय विचारले आहे हे उमगत नाही, तेव्हा तो बहुधा स्वतःला आळशी ठरवतो, नाही तर डोक्यातली साखर कमी झाली असे मानून काहीतरी गोड तोंडात टाकतो. दोन्ही निदाने चुकीची आहेत. शरीराच्या वजनाच्या अवघा 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि अवघड विचार करताना त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते. त्यामुळे बौद्धिक शिणवट्याचे कारण इंधनाच्या तुटवड्यात शोधून फारसे काही हाती लागत नाही.

पॅरिसमधील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने वेगळी दिशा सुचवली. सहभागी व्यक्तींना सहा तासांहून अधिक काळ, मध्ये थोडी विश्रांती देत, पडद्यावर एकामागून एक येणारी अक्षरे लक्षात ठेवण्यासारखी कामे देण्यात आली. एका गटाला अवघड, तर दुसऱ्याला तीच कामे सोप्या स्वरूपात. दिवसअखेर अवघड काम केलेल्यांच्या मेंदूत, कपाळामागे असलेल्या आणि स्वतःवर ताबा ठेवण्याचे काम करणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या बाहेरील बाजूस, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाची पातळी वाढलेली आढळली, आणि हीच माणसे नंतर थांबून मिळणाऱ्या मोठ्या मोबदल्यापेक्षा कमी कष्टात लगेच मिळणारा छोटा मोबदला अधिक वेळा निवडू लागली. एका अभ्यासावर फार मोठी इमारत रचू नये हे खरे, तरीही संध्याकाळी महत्त्वाचा निर्णय ‘जाऊ दे, असेच करू’ म्हणत का उरकला जातो, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

मला याहून चिंताजनक वाटतो तो 2003 मधील झोपेवरचा एक अमेरिकी प्रयोग. त्यात निरोगी प्रौढांना सलग 14 रात्री चार, सहा किंवा आठ तास झोपू देऊन, पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्याची त्यांची तत्परता रोज मोजली गेली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत जाऊन शेवटी एक-दोन रात्री अखंड जागलेल्या माणसाइतकी झाली; मात्र ‘किती झोप येते आहे’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास तिथल्या तिथेच राहिली. म्हणजे ज्या मेंदूने थकव्याचा अंदाज घ्यायचा, तोच थकलेला असल्यामुळे हिशेब चुकतो. ‘मला सहा तास पुरतात’ हे वाक्य म्हणूनच थोड्या संशयाने ऐकावे.

कॉफीमुळे हा हिशेब आणखी बिघडतो. जागेपणी मेंदूत साचत जाणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्यामुळे झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याच्या ग्राहक-रेणूंवर जाऊन बसते आणि त्याचा संदेश अडवते, साचलेले ॲडेनोसिन मात्र तिथेच राहते. निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागत असल्याने संध्याकाळी पाचच्या कपातील अर्धा ऐवज रात्री दहालाही रक्तात फिरत असतो.

तेव्हा थकवा जाणवण्याची वाट न पाहता विश्रांती घड्याळानुसार घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर नासाने केलेल्या पाहणीत 40 मिनिटांच्या ठरवून दिलेल्या विश्रांतीत ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि पुढच्या टप्प्यात अधिक सावध राहिले. कामाच्या गर्दीचा त्रास निराळा असतो: अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामाचे लक्ष खातो. काम बदलण्यापूर्वी ‘कुठवर आलो, आता पुढे काय’ हे एका ओळीत लिहून ठेवले, तर ते रेंगाळणे कमी होते. उपाय किरकोळ वाटतो, पण दिवसातून दहा वेळा मध्येच उठवले जाणाऱ्याला त्याचे मोल कळेल.

अर्थात काम मुळातच दोन माणसांचे असेल, तर अशा युक्त्या तोकड्याच पडणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम अशी केली आणि त्याला आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित घटना म्हटले. तिच्याच 2021 मधील अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो.

आणि पुरेशी झोप व सुट्टी घेऊनही मरगळ काही आठवडे हटत नसेल, तर दोष कामावर ढकलण्याआधी डॉक्टरांना भेटावे. रक्तातील लोह, बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर यांची तपासणी सोपी असते. नैराश्यही कित्येकदा आधी थकव्याच्या रूपातच दिसते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार मात्र रुग्णाला स्वतःला सहसा कळत नाही, त्यामुळे आपण घोरतो का आणि मध्येच श्वास थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारूनच तपासणीला जावे.