आयव्हीएफ वेगळं, लॅबमध्ये बीज घडवणं वेगळं

टेस्ट ट्यूब बेबी आता आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यांतूनही जोडपी अकोल्याला, नागपूरला जातात. इंजेक्शनं, सोनोग्राफी, बीज बाहेर काढणं, बशीत फलन, गर्भ परत गर्भाशयात. अशी जन्मलेली जगातली पहिली मुलगी १९७८ मध्ये इंग्लंडात लुईस ब्राऊन, मग १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा. हे झालं आयव्हीएफ.

घोळ सुरू होतो तो जपानची बातमी आली की. ‘आता स्त्रीबीजही लॅबमध्ये’ अशी कात्रणं ग्रुपवर फिरतात, आणि सोबत फोटो असतो बीजाला सुई टोचतानाचा, म्हणजे आयव्हीएफचाच! हा फोटो छापणं बंद झालं पाहिजे. मग तिशीतच पाळी थांबलेली बाई आशेनं विचारते, “ताई, मायंबी बीज तिथं बनवून देतीन काय?”

आयव्हीएफमध्ये बीज कोणीच बनवत नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख, जन्मताना दहा-वीस लाख, पाळी येईपर्यंत तीन-चार लाख. पुढे नुसता खर्च. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, बहुधा एकच पिकतं, बाकीची जिरतात. इंजेक्शनं या जिरणाऱ्या बीजांना वाचवतात, नवीन एकही देत नाहीत. गादीवाफा कितीही चांगला करा, मिरचीचं बियाणंच संपलं असेल तर रोप कशाचं येणार? बीज गोठवणं किंवा कच्चं काढून बाहेर पिकवणं, तेही आयव्हीएफच्याच बाजूचं.

जपानमधलं काम बियाण्याच्याही आधीचं आहे. पुढे ज्यांची बीजं होतात त्या आदिम जननपेशी अंडाशय बनण्यापूर्वीच गर्भात वेगळ्या होतात. उंदराच्या गर्भातून त्या काढून २०१६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी शरीराबाहेरच पूर्ण बीजं वाढवली, त्यांपासून पिल्लं झाली. त्याच वर्षी कात्सुहिको हायाशींच्या गटानं उंदराच्या मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातल्या कोणत्याही पेशीत बदलू शकणाऱ्या पेशींपासून, आधी जननपेशी आणि मग बीजं घडवली.

माणसात गाडं बरंच आधीच्या टप्प्यावर अडलं आहे. २०१८ मध्ये जपानमधल्याच मितिनोरी साइतो यांच्या गटानं मानवी मूलपेशींना उंदराच्या गर्भातल्या अंडाशयाच्या पेशींच्या सोबतीनं सुमारे चार महिने वाढवलं, तेव्हा हाती आल्या त्या बीजाच्या पूर्वज पेशी. त्यांचं फलन होऊ शकत नाही. त्यासाठी ४६ गुणसूत्रांची २३ करणारं विभाजन पुरं व्हावं लागतं. शरीरात ते जन्माआधी सुरू होतं, मध्येच थांबतं आणि वर्षानुवर्षांनी पुढे सरकतं. भोवतालच्या पेशींची साथ लागते ती वेगळीच. अशा घडवलेल्या बीजापासून माणसाचं एकही लेकरू आजवर जन्मलेलं नाही.

म्हणून ‘लॅबमध्ये तुमचं बीज तयार करू’ असं कोणी म्हणालं तर वावर विकू नका. बीज संपलं असेल तर आज दात्या स्त्रीचं बीज घेता येतं, आणि माझ्या मते त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०२१ च्या कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षांची हवी, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. लेखी संमतीही बंधनकारक आहे. तो कागद नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती देऊन चालणार नाही. बाईनं स्वतः वाचावा किंवा वाचून घ्यावा, आणि सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं: हे बीज कोणाच्या अंडाशयातलं?