बेस स्टेशन ट्रान्समीटरची चाचणी व जुळणी

पोलीस, अग्निशमन दल, वन विभाग यांच्या बिनतारी जाळ्यातील मुख्य केंद्राचा ट्रान्समीटर नेमून दिलेल्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर), परवान्याइतक्याच पॉवरने आणि आपल्या चॅनेलच्या हद्दीत चालतो ना, हे मोजून पाहणे व फरक असल्यास तो काढणे, हे या कामाचे स्वरूप. पुढील आकडे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील, १२.५ किलोहर्ट्झ चॅनेलवरच्या ५० वॉटच्या एफएम संचाला धरून आहेत.

संच अँटेनावरून सोडवून वॉटमीटरमार्फत ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर उष्णतेत जिरवणाऱ्या भारावर) घेतात. लोड न लावता पीटीटी (बोलताना दाबायची कळ) दाबली तर फायनल, म्हणजे पॉवर देणारा शेवटचा, ट्रान्झिस्टर उडू शकतो. आधी वीजपुरवठा पाहावा, तोही पीटीटी दाबलेली असताना आणि संचाच्या मागच्या टर्मिनलवरच. तिथे साधारण १३.६ व्होल्ट मिळायला हवेत. प्रवाह १०-१२ अँपिअर असतो, त्यामुळे बारीक वायर किंवा गंजलेला फ्यूजहोल्डर एक-दीड व्होल्ट सहज खातो आणि कमी पॉवरचे खापर फायनलवर फुटते.

कंप्रता मोजताना संच पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावा, सीटीसीएसएस (आपल्या जाळ्याचे संच ओळखण्यासाठी बोलण्याखाली सतत जाणारा खालच्या पट्टीचा) टोन बंद ठेवावा. २.५ पीपीएमची (दशलक्षात अडीच भागांची) मुभा म्हणजे १५० मेगाहर्ट्झला ३७५ हर्ट्झ. कंप्रता मोजणारा काउंटर किंवा सर्व्हिस मॉनिटर ३० डीबीच्या, पुरेशा वॉटच्या ॲटेन्युएटरमधूनच (पॉवर कमी करणाऱ्या जोडातूनच) जोडावा. ५० वॉटचे तिथे ५० मिलिवॉट उरतात. नाहीतर मॉनिटरचे इनपुट जळते.

डेव्हिएशनची (आवाजामुळे कंप्रता मध्यापासून जितकी सरकते त्या मापाची) कमाल मर्यादा २.५ किलोहर्ट्झ. माइकच्या जागी १ किलोहर्ट्झचा टोन नेहमीच्या पातळीपेक्षा २० डीबी चढा देऊन लिमिटर (डेव्हिएशन मर्यादेत रोखणारा भाग) पुरता भरावा आणि मगच मर्यादा बसवावी. सीटीसीएसएसचे ३००-४०० हर्ट्झ याच मर्यादेत धरायचे. इथे हमखास चूक होते. डेव्हिएशन मीटरवर शंका असेल तर स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून, सीटीसीएसएस बंद ठेवून, १,०४० हर्ट्झचा टोन शून्यापासून वाढवत न्यावा. वाहक लहर पहिल्यांदा जिथे नाहीशी होते, तिथे डेव्हिएशन २.५ किलोहर्ट्झ असते. डेव्हिएशन जास्त झाले तर शेजारच्या चॅनेलवर घाण पसरते, शिवाय समोरच्या रिसीव्हरच्या अरुंद फिल्टरमध्ये आवाज तुटतो. कमी असेल तर आवाज बारीक येतो, ऑपरेटर माइकवर ओरडू लागतो.

यानंतर अँटेना जोडतात. ५० वॉट पुढे जाताना २ वॉट परत येत असतील तर एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरवरून काढलेले अँटेनाच्या जुळणीचे माप) १.५ होतो, तेवढा चालतो. रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारा संच) असेल तर डुप्लेक्सरमधली (एकाच अँटेनावर घेणे-पाठवणे वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरमधली) घट वेगळी मोजावी. दीड डीबी घट म्हणजे ५० वॉटचे ३५ वॉट.

केबलच्या खालच्या टोकाला घेतलेला एसडब्ल्यूआर मात्र एकट्याने विश्वासाचा नाही. परत येणारी पॉवर वाटेत केबलमध्येच जिरते, म्हणून केबलमध्ये ३ डीबी घट असेल तर वर २ असलेला एसडब्ल्यूआर खाली १.४ दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील केंद्रांत पावसाळ्यात अँटेनाजवळच्या एन कनेक्टरमधून पाणी शिरते, केबलची घट वाढते आणि खालचे मीटर उलट आणखी चांगले दिसू लागते. तक्रार येते ती रेंज कमी झाल्याची. अशा वेळी वॉटमीटर व डमी लोड टॉवरवर नेऊन केबलच्या वरच्या टोकाला पॉवर मोजावी. ५० पैकी २५ वॉटही वर पोहोचत नसतील आणि कोरड्या दिवसांत त्याच केबलवर ३५ मिळत होते अशी नोंद असेल, तर कनेक्टर उघडावा. केबलची वेणी (तांब्याच्या तारांची बाहेरची जाळी) काळी-हिरवी पडलेली असल्यास निव्वळ कनेक्टर बदलून भागत नाही. स्वच्छ तांबे लागेपर्यंत केबल कापून मग नवा बसवावा, सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपने खालून वर गुंडाळावा आणि खाली खोलीत शिरण्याआधी केबलला पाणी ठिबकण्यापुरता झोळ ठेवावा.