फूस, उंबरठा आणि स्पर्श

'अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले' ही ओळ नागपूरकरांच्या डोळ्यांना इतकी सरावली आहे, की तिच्यामागचा कायदा २०२४पर्यंत १८६०चाच होता हे ध्यानातही येत नाही. भारतीय दंड संहितेच्या ३६१व्या कलमाला फूस ठाऊक होती. पण मूल पालकांच्या ताब्यातून बाहेर पडलं तरच गुन्हा पुरा होई. उंबरठा ओलांडला जायला हवा होता. आज नागपुरातल्या महाल किंवा मानेवाडा वस्तीतल्या पोराशी गेम खेळता खेळता सलगी वाढवणारा अनोळखी माणूस त्याला घराबाहेर बोलावतच नाही. आधी कौतुक, मग 'घरी सांगू नको', मग एक फोटो आणि पुढे त्याच फोटोची धमकी. यालाच ग्रूमिंग म्हणतात.

संसदेनं हा प्रकार ओळखला २००८च्या दुरुस्तीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७ब हे कलम आलं, २७ ऑक्टोबर २००९पासून लागू झालं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पण ग्रूमिंगबद्दलचं पोटकलम घाईत लिहिल्यासारखं वाटतं. मुलांना 'एक किंवा अधिक मुलांशी' ऑनलाइन संबंधासाठी भुलवणं, असे त्याचे शब्द! मग मोठ्या माणसाला त्यात बसवायचं तर वकिलाला शब्दांची ओढाताण करणं आलं.

१४ नोव्हेंबर २०१२ला पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, लागू झाला. त्याचं ७वं कलम स्पर्शाचं, ११वं बिनस्पर्शाचं. मुलाशी लैंगिक हेतूनं डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणं या ११व्यात येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

स्पर्शाचा प्रश्न पुढे आपल्याच गावात पेटला. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं, की कपड्यांवरून केलेला स्पर्श ७व्या कलमात बसत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. देशभर गदारोळ झाला. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ला तो निकाल रद्द केला: पाहायचा तो लैंगिक हेतू, त्वचा नव्हे. खटला ऑनलाइनचा नव्हता, हे खरं. तरी मोबाइलवरच्या गुन्ह्यात स्पर्शच नसतो. तिथे हेतूवर भर देणारा हा निकाल मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

मधल्या काळात पॉक्सोच्या २०१९च्या दुरुस्तीनं संगणकावर बनवलेल्या चित्रांनाही 'चाइल्ड पोर्नोग्राफी'च्या व्याख्येत घेतलं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये, असं सांगितलं. ते मुलांच्या शोषणाचं साहित्य आहे.

ब्रिटननंही २००३च्या कायद्यात आधी प्रत्यक्ष भेटीचीच अट धरली होती. एप्रिल २०१७पासून तिथल्या इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलाला लैंगिक हेतूनं लैंगिक संदेश पाठवणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला. आपल्याकडे ठाणेदार ११वं कलम आणि ६७ब जोडून गुन्हा नोंदवतो. 'ग्रूमिंग' हा शब्द दोन्हीत नाही.